मुक्या शेंगा

१

दुपारी दोन वाजता मोहरी संशोधन केंद्राची कोठी सांभाळणाऱ्या कोठीवाल्यांनी धुरीच्या खोलीचं दार ढकललं आणि नाकाला रुमाल लावून बोंब मारतच ते बाहेर आले. आत मोहरीच्या पोत्यांच्या दोन थप्प्यांमधे केंद्रातले ज्येष्ठ शास्त्रज्ञ, मोठे सर, आडवे पडले होते. चष्मा नाकावरच होता आणि उजवा हात एका पोत्याच्या तोंडात कोपरापर्यंत गेलेला होता. दीड-दोन तासांपूर्वीच सगळं आटोपलं असावं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

धुरीची खोली म्हणजे बियाण्याला कीड लागू नये म्हणून पोती तीन दिवस विषारी वायूत कोंडून ठेवायची जागा. चौथ्या दिवशी सकाळी दहाला पंखा लावायचा, चार तास खोली उपसू द्यायची आणि तोवर दारावरची कवटीची लाल पाटी काढायची नाही. शेंबड्या पोरालाही कळेल एवढा सोपा नियम. त्या दिवशी मात्र पंख्याचं बटण बंद होतं, आणि पाटी ऑफिसच्या व्हरांड्यात आपल्या खिळ्याला गुमान लटकत होती. ती दारावर नाही म्हटल्यावर कुणीही खुशाल आत गेलं असतं. सरांना तर वासही आला नसता. त्यांचं नाक सर्दीनं केव्हाच गेलं होतं, हे केंद्रातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

"माझ्याकडे बघू नका," कोठीवाले त्याच दुपारी फौजदारांना म्हणाले. "पाटी-पंख्याचं काम माझं, खरंय. पण आज मला वजनकाट्यावर धाडलं. जाताना पावणेदहाला मावशीला सांगून गेलो."

मावशी म्हणजे मोजणीच्या मावशी. बावीस वर्षं या केंद्रात मोहरीची झाडं मोजत आलेल्या. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "दहाला पंखा लावला, पाटी तशीच ठेवली." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "लावला असेल, वाटतं." तिसऱ्या दिवशी त्यांनी अन्न सोडलं, आणि जो भेटेल त्याचा हात धरून एकच सांगू लागल्या.

"मीच मारलं हो सरांना."

२

चौथ्या दिवशी मुख्य कचेरीतून चाळणीबाई आल्या. त्यांचं खरं नाव सेवापुस्तकात होतं आणि तिथंच राहिलं होतं. सारं आयुष्य बियाणं तपासण्यात गेलेलं, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र धडधाकट. हातात आलेलं काहीही चाळून बघितल्याशिवाय खाली ठेवायचं नाही या खोडीमुळे हे नाव पडलं, आणि बाईंनी ते मानानं मिरवलं.

केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसते साहेब म्हणत, त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बाई, अपघात आहे हो. मावशी महिन्यापूर्वी तापातून उठलीय. बिचारी विसरली. फौजदार शनिवारी तिला घेऊन जातील, निष्काळजीपणाचा गुन्हा लागेल, संपलं. तुम्ही दोन ओळी लिहा आणि मोकळ्या व्हा. सोमवारी आपल्या नव्या वाणाची बैठक आहे."

"आज गुरुवार आहे," बाई म्हणाल्या. "दोन ओळींना दोन दिवस पुरतील."

साहेबांचा चेहरा पडला. बाईंना तो पडलेला बघून बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मोजणीची खोली लांबट होती. मधे टेबल, टेबलावर पत्र्याची ताटं, एक नाजूक काटा आणि भिंतीला लागून लाकडी खण. रिकाम्या ताटासमोर मावशी बसल्या होत्या. अंगात त्राण नव्हतं, ओठ सुकलेले. शेजारी त्यांची लेक उभी होती, याच केंद्रातली तरुण शास्त्रज्ञ. तिला छोट्या मॅडम म्हणत. नवरा घर सोडून गेल्यावर मावशींनी झाडं मोजून मोजून या एकुलत्या एका पोरीला शिकवली होती. नोकरी अजून हंगामी होती. नवा वाण मंजूर झाला की ती कायम व्हायची होती.

"दोन घास खा ना गं आई," लेक विनवत होती. "तू नाही काढलीस पाटी. तू कधी काही विसरतेस का?"

"मग कुणी काढली?" मावशी म्हणाल्या. लेकीनं जेवणाचं ताट उचललं आणि ती बाहेर गेली.

मावशींनी बाईंचा हात धरला. "बाई, मला शिक्षेचं भय नाही. जायचं तर जाईन. पण एवढंच सांगा, मी केलं का नाही? मला आठवतच नाही. बारा दिवस दवाखान्यात होते, डोक्याचं पार भुसकट झालं. लेक रोज पहाटेपासून उशाशी बसायची, नऊ वाजले तरी हलायची नाही, म्हणून जगले. पण काय कामाचं जगणं? त्या माणसानं मला बावीस वर्षं पोटाला लावलं. त्यांचा जीव माझ्या हातून गेला असेल तर मला कळू द्या. आणि नसेल गेला तर तेही कळू द्या. असं लटकत नाही राहवत."

"शोधते," बाई म्हणाल्या.

त्यांना खरं तर एवढं बोलायचं नव्हतं. आश्वासनं द्यायची त्यांना सवय नव्हती. पण शब्द तोंडातून गेला, आणि मावशींनी तो पदराला बांधून ठेवावा तसा ठेवला.

व्हरांड्यात फौजदारांनी सरांच्या खिशातल्या वस्तूंचं पाकीट बाईंच्या हातात दिलं. किल्ल्या, पेन, खोकल्याच्या गोळ्या. आणि घडी घातलेला एक कागद, त्यावर सरांच्या अक्षरात नुसते आकडे. एकाखाली एक, चौदा.

३

बाईंनी तो कागद मावशींपुढे धरला. मावशींना अक्षरओळख नव्हती, पण आकड्यांशी त्यांचा घरोबा होता.

"हे वाफे आहेत," त्या लगेच म्हणाल्या. "शेतातल्या वाफ्यांचे नंबर. आणि हे सगळे माझ्या तापातले. मी खाटेवर पडले तेव्हा कापायला आलेले."

मग बाईंनी त्यांच्याकडून मोजणी समजून घेतली. एक वाण चांगला की वाईट हे नुसत्या पोत्याच्या वजनावरून कळत नाही. झाड किती उंच, फांद्या किती, शेंगा किती, एका शेंगेत दाणे किती, हजार दाण्यांचं वजन किती, यातलं काय वाढलं म्हणून उत्पन्न वाढलं ते बघावं लागतं. म्हणून दर वाफ्यात फुलोऱ्याच्या वेळीच पाच झाडांना दोरा बांधून ठेवतात. ती पाच झाडं वेगळी कापायची, शेंग न् शेंग मोजायची, आणि प्रत्येक झाडाचा दाणा वेगळ्या पाकिटात भरून खणात ठेवायचा. पुढे कुणाला शंका आलीच तर पाकीट काढून परत मोजता यावं म्हणून.

"आणि कापायचं केव्हा?"

"दव असेतो," मावशी म्हणाल्या. "सात-साडेसात, फार तर आठ. उन्हं चढली की पिकलेली शेंग हात लागताच तडकते, दाणा मातीत. मातीतली मोहरी वेचून कोण देणार?"

बाईंनी खण उघडायला घेतले. मावशींच्या हातची पाकिटं ओळीनं उभी होती, प्रत्येकावर वाफा आणि झाडाचा नंबर. कागदावरचा पहिला नंबर बघितला, खण रिकामा. दुसरा, रिकामा. चौदाच्या चौदा खण त्यांनी ओढले आणि ढकलले. सत्तर पाकिटं असायला हवी होती, त्यातलं एकही नव्हतं.

म्हणजे सर धुरीच्या खोलीत उगाच गेले नव्हते. हात पोत्यात घालून ते ही पाकिटं शोधत होते. पण मोजणीची पाकिटं धुरीच्या खोलीत कधीच ठेवत नाहीत, असं मावशींनी शपथेवर सांगितलं.

मग ती तिथं आहेत, असं सरांना कुणी सांगितलं?

४

या वाफ्यांचे आकडे मात्र जागेवर होते. ते संगणकावर छापलेल्या तक्त्यात होते, खाली कुणाची सही नाही. तो तक्ता आकडेवाल्यांकडे होता. आकडेवाले म्हणजे सगळ्या मोजणीचं गणित मांडणारे गृहस्थ. बारीक, तिरसट, आणि मोठ्या सरांशी त्यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं.

"आमचं पटत नव्हतं हे खरंय," ते स्वतःच म्हणाले. "तरीही आदल्या शनिवारी सर माझ्याकडेच आले. हा तक्ता टेबलावर आपटला आणि म्हणाले, इतकं चोख कसं जुळतं?"

"काय जुळतं?"

"शेंगा गुणिले एका शेंगेतले दाणे, गुणिले दाण्याचं वजन. उत्तर काय यायला हवं? झाडाचं उत्पन्न. हा बघा मावशींचा एक वाफा. तीनशे शेंगा, शेंगेत चौदा दाणे, हजार दाणे पाच ग्रॅम. गुणा. एकवीस ग्रॅम. पण काट्यावर तोललं तेव्हा झाड भरलं सतरा ग्रॅम."

"मग मावशींचं चुकलं?"

"छे! मावशींचं बरोबर आहे. दाणे मोजायला दहाच शेंगा घेतात, त्याही मुख्य फांदीच्या मधल्या, सगळ्यांत भरदार. आडफांद्यांच्या शेंगा एवढ्या भरत नाहीत. म्हणून गुणाकार नेहमी वजनाच्या पुढे पळतो. बावीस वर्षांत एकदाही जुळलेला नाही. आणि आता हे बघा."

बाईंनी पेन्सिल काढली. तीनशे वीस शेंगा, तेरा दाणे, साडेचार ग्रॅम. अठरा पूर्णांक बहात्तर. तक्त्यात झाडाचं वजन लिहिलं होतं अठरा पूर्णांक सात. पुढचं झाड, अडीचशे शेंगा, बारा दाणे, पाच ग्रॅम. पंधरा. तक्त्यातही पंधरा. सत्तर झाडं, आणि एकही झाड इकडचं तिकडं नाही.

"हे कुणी मोजलेलं नाही," बाई म्हणाल्या. "वाफ्याचं उत्पन्न पुढे ठेवून उलटं लिहिलंय."

"अगदी. मीही सरांना तेच म्हटलं. मागे एकानं एक आकडा बनवला होता, सरांनी त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं. पण ते म्हणाले, नुसत्या गुणाकारावरून मी कुणाचं पोट मारणार नाही. आधी पाकिटं बघतो, मग बोलतो."

"आणि हे तुम्ही केलं नाही कशावरून?"

आकडेवाले पहिल्यांदाच हसले. "बाई, मी खोटं केलं असतं तर ते तुम्हाला सापडलं असतं का?"

हा माणूस उर्मट होता, पण त्याचं म्हणणं बाईंना पटलं. गुणाकार कुठं पळतो हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तो असा तोंडावर आपटणार नाही. हे काम पुस्तकातलं सूत्र जसंच्या तसं खरं मानणाऱ्याचं होतं.

५

शुक्रवारी सकाळी बाईंनी साहेबांना गाठलं.

"तक्ता कुणी भरला मला माहीत नाही," साहेब घाम पुसत म्हणाले. "मावशी आजारी, मजूर हंगामी, ते कधीच पांगले. मी सांगितलं होतं, कुणीही करा पण करा, बैठक तोंडावर आहे. संगणक सगळ्यांचाच आहे. मी काय दर झाडामागे उभा राहू?"

"शेवटचं शेतात केव्हा गेला होतात?"

"म्हणजे... पाहुणे आले की जातो."

"सर त्या दिवशी तुमच्याकडे आले होते?"

"आले की. पाकिटं कुठायत म्हणून. सगळ्यांनाच विचारत सुटले होते. आकडेवाल्यांना, फाटकावरच्या पहारेकऱ्याला, मावशीला. सकाळभर तेच टुमणं. मी म्हटलं, असतील कोठीत कुठंतरी."

बाईंनी हे लिहून घेतलं. पहारेकऱ्यानं आणि मावशींनीही तेच सांगितलं. साडेदहापर्यंत सर ज्याला त्याला पाकिटं विचारत होते, आणि साडेअकरानंतर कुणालाच विचारलं नाही. म्हणजे मधल्या तासात त्यांना कुणीतरी उत्तर दिलं होतं.

छोट्या मॅडम काचघरात रोपांना पाणी देत होत्या. डोळ्यांखाली काळं झालेलं, हात मात्र सराईत.

"त्या सकाळी सरांनी तुम्हाला काय विचारलं?"

"काही नाही. आमची भेटच झाली नाही."

"सगळ्यांना विचारलं आणि तुम्हालाच वगळलं?"

"मी इथंच होते, काचघरात. शोधलं नसेल त्यांनी."

बाईंनी फौजदारांकडचा जबाब उघडला. "त्या दिवशी तीन वाजता तुम्ही सांगितलंत, हा कोठीवाल्यांचा निष्काळजीपणा आहे, पाटी तेच सांभाळतात. नंतर मात्र तुम्ही त्यांचं नाव घेतलं नाहीत."

"तेव्हा मला माहीत नव्हतं, की ते काम आईला..." पाण्याचा झारा वाहतच राहिला आणि रोपांची माती कडेनं सांडू लागली. "बाई, आईला वाचवा हो. तिनं खरंच काही केलेलं नाही."

"एवढं खात्रीनं कसं सांगता?"

"ती माझी आई आहे."

उत्तर चांगलं होतं. बाईंना ते खोटं वाटलं नाही, आणि नेमकं तेच त्यांना दिवसभर खुपत राहिलं.

६

दुपारी त्या पुन्हा तक्ता घेऊन बसल्या. उभे रकाने सगळीकडे असतात तेच होते. शेवटी मात्र एक जादा रकाना होता, 'मुक्या'. त्याखाली लहान लहान आकडे. नऊ, चौदा, अकरा, सहा.

"हा काय प्रकार?" त्यांनी आकडेवाल्यांना विचारलं.

"मावशींच्या वहीतला रकाना, सरांनी आखून दिलेला. सरकारी तक्त्यात नसतो. मी दर वेळी तो उडवून देतो."

बाई उठल्या आणि मोजणीच्या खोलीत गेल्या. मावशी तिथंच होत्या, पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. कामाचं विचारल्यावर मात्र त्यांच्या डोळ्यांत जरा जान आली.

"मुकी शेंग म्हणजे वरून शेंगच, पण आत दाणा नाही. शेंड्याला असतात, काही बुडाला. डोळ्यांनी नाही कळत, चिमटीत दाबून बघावी लागते. सर म्हणायचे, मावशी, मोजून ठेव, कधीतरी कामाला येईल."

"मजूर मोजतात?"

"ते कशाला मोजतील हो? त्यांना कुणी सांगितलंय?"

"मग साहेब? आकडेवाले?"

"साहेबांना शेंग आणि काडी एकच." मावशींना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच थोडं हसू आलं. "आख्ख्या केंद्रात मुक्या मोजणारी मी, नाहीतर माझी लेक. शाळा सुटली की इथंच यायची ना. या टेबलाखाली बसून मुक्या वेगळ्या काढायची. आठ वर्षांची होती, पण चिमूट अशी पक्की, एक चुकायची नाही. अजूनही झाड हातात घेतलं की आधी मुक्या बघते. मी म्हणते, अगं मॅडम झालीस, सोड आता. म्हणते, आई, मुक्यांशिवाय झाड असतं का?"

बाईंनी तक्त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. समोर मावशी आपल्या लेकीचं कौतुक सांगत होत्या. या केंद्रात इतकं खोटं लिहिणारा आणि त्यातही मुक्या शेंगा न विसरणारा माणूस एकच असू शकत होता.

"का हो बाई," मावशी म्हणाल्या, "काही सापडलं का?"

७

शनिवारी सकाळी बाईंनी छोट्या मॅडमना मोजणीच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मावशींना त्यांनी बाहेर बाकावर बसायला सांगितलं होतं. फौजदारांची जीप दहाला येणार होती.

"मी बोलते, तुम्ही ऐका," बाई म्हणाल्या. "चुकलं तर थांबवा. आई दवाखान्यात होती, तुम्ही पहाटेपासून नऊपर्यंत तिच्या उशाशी. दोऱ्याची झाडं कापायची वेळ तीच. ती झाडं मजुरांच्या हातात द्यायला तुमचं मन धजेना, म्हणून तुम्ही दवाखान्यातून येऊन भर उन्हात कापलीत. शेंगा तडकल्या. सत्तर झाडांचा दाणा मातीत गेला. पाकिटात भरायला काही उरलंच नाही."

मुलगी टेबलाची कड धरून उभी होती.

"वाफ्याचं एकूण उत्पन्न तुमच्याकडे खरं होतं. त्यावरून पुस्तकातल्या सूत्रानं आकडे बसवलेत. आईसारखं दिसावं म्हणून मुक्याही लिहिल्यात. हे सूत्र आणि या मुक्या, दोन्ही येणारा माणूस इथं एकच आहे. सरांनी पाकिटं विचारली. ती नाहीतच हे ज्याला ठाऊक होतं, त्यालाच खोटा पत्ता द्यायची गरज होती. तुम्ही सांगितलंत, धुरीच्या खोलीत, मधल्या थप्पीत. त्याआधी पंखा बंद केलात, पाटी काढून खिळ्याला लावलीत."

"दहाला पंख्याचा आवाज आला," मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं. "वाटलं, कोठीवाल्यांनी लावलाय. त्यांच्यावर येईल वाटलं. आई तिथं असेल हे स्वप्नातही नव्हतं. संध्याकाळी कळलं, तेव्हा... तेव्हा मी बोलायला हवं होतं. रोज सकाळी ठरवलं, आज बोलते. आई उपाशी बसलेली बघितली की आणखीच धीर सुटायचा."

"सर मरतील हे माहीत होतं?"

"घेरी येईल, दवाखान्यात नेतील असं म्हटलं मनाशी. दोन दिवस मिळाले असते तर बाकीच्या झाडांचा दाणा काढून पाकिटं भरली असती. सरांनी मला घरी बसवलं असतं बाई. आईनं आयुष्यभर..."

दार उघडलं. मावशी चौकट धरून उभ्या होत्या. दार लोटलेलं होतं, कडी लावलेली नव्हती.

"घेरी येईल म्हणून पाटीवर कवटी काढतात का गं?" मावशी म्हणाल्या. "मला वाचता येत नाही, तरी मला कळतं. तुला तर मी शिकवलंय."

मुलीनं मान खाली घातली. "माहीत होतं, आई," ती पुटपुटली. "सगळं माहीत होतं."

मग मावशी आत आल्या. चालताना त्यांचा तोल जात होता. त्यांनी टेबलावरचा बाईंचा कागद बघितला.

"काय लिहिलंय यात?"

"की तुमचा काहीही दोष नाही. तुम्ही पंखा लावला होता, पाटी ठेवली होती. तुमची आठवण बरोबर होती, मावशी."

"फाडा," मावशी म्हणाल्या. "मला आता नीट आठवलं. दहाला लावला, साडेअकराला मीच बंद केला. पाटी मीच काढली. लिहा तसं. मी अंगठा देते."

"मावशी..."

"लिहा ना हो! चार दिवस मी तेच सांगतेय, सगळ्यांनी ऐकलंय. साहेबांनी मान्य केलंय, फौजदारांनी मान्य केलंय. तुम्हालाच तेवढं चाळायचं होतं?" त्यांनी बाईंचा दंड धरला. हाडं राहिली होती हाताची, पण पकड सुटेना. "माझं वय झालं. मी आत बसेन, कुठंही बसेन. तिचं सगळं व्हायचंय अजून."

चाळणीबाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की साहेबांच्या त्या दोन ओळी लिहून आपण गुरुवारीच निघून गेलो असतो तर बरं झालं असतं. कागद त्यांच्या हातात होता. फाडायला क्षणही लागला नसता. पण पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पडलेला तो माणूस त्यांच्या नजरेपुढून हलेना. नुसत्या गुणाकारावरून कुणाचं पोट मारायचं नाही म्हणून तो त्या खोलीत गेला होता.

"नाही जमायचं, मावशी," त्या म्हणाल्या.

अंगणात जीप थांबली. मुलीनं आईचे हात बाईंच्या दंडावरून हलकेच सोडवले. "पुरे, आई," ती म्हणाली आणि एकटीच व्हरांड्यात गेली. फौजदार मावशींचं नाव विचारत होते. ती म्हणाली, "त्यांचं नको. माझं लिहा," आणि कुणी सांगण्याआधीच जीपमधे जाऊन बसली.

साहेब, आकडेवाले, कोठीवाले, सगळे आपापल्या दारांत येऊन उभे राहिले. मावशी व्हरांड्यापर्यंत आल्या आणि तिथल्या बाकावर बसल्या. जीप फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी त्या दिशेला बघितलं नाही. मागे राहिलेला शिपाई त्यांच्याजवळ गेला आणि चांगल्या मनानं म्हणाला, "मावशी, तुम्ही सुटलात. आता घरी जा, दोन घास खा."

"घरी कोण आहे?" मावशी म्हणाल्या.

त्या तिथंच बसून राहिल्या. चाळणीबाई त्यांच्या शेजारी टेकल्या.